‘आकार’ म्हणजे शेप नव्हे: जमिनीच्या कागदांचा कोश करणारीला

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाषांतराचं काम करणाऱ्या एका ताईंना एका बँकेने शेतीकर्ज विभागासाठी मराठी-इंग्रजी ‘ग्लॉसरी’ करायला सांगितली आहे. नव्या अधिकाऱ्यांना सातबारा, फेरफार (जमिनीच्या नोंदीत झालेला बदल), खरेदीखत वाचताना अडचण येते. त्यातले निम्मे अमराठी आहेत. मुदत चार महिने. ताईंनी परिभाषा कोश चाळून सुमारे 3,000 शब्दांची यादी केली आहे आणि आता त्या विचारतात: यातले किती ठेवू, आणि व्याख्या कुठून घेऊ?

ताई, ती यादी आधी बाजूला ठेवा. फाडू नका, शेवटी उपयोगी पडेल. पण कामाची सुरुवात तिच्यापासून केलीत तर चार महिन्यांनी तुमच्या हातात एक देखणी फाइल असेल आणि कर्ज अधिकारी शेजारच्या टेबलावरच्या जुन्या शिपायालाच विचारत असेल, “मामा, हे काय लिहिलंय?” माझ्या पहिल्या कोशाचं हेच झालं होतं, म्हणून सांगते.

गडबड दिशेची आहे. हे परिभाषा कोश करणारं सरकारचं भाषा संचालनालय 1960 साली स्थापन झालं, 1964 साली राजभाषा अधिनियम आला. इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आणायचा होता, म्हणून ते परिभाषा कोश मुख्यतः इंग्रजीकडून मराठीकडे येतात. इंग्रजी शब्द माहीत आहे, टिपणीत मराठी काय लिहू, असं विचारणाऱ्या कारकुनासाठी ते झाले आणि त्या कामाला ते चांगले आहेत. तुमच्या अधिकाऱ्याचं नेमकं उलटं आहे. कागद मराठीत आहे, बहुतेकदा कुणा तलाठ्याच्या अक्षरातला आहे, आणि त्यावरून त्याला अर्ध्या तासात ठरवायचंय की या जमिनीवर कर्ज द्यायचं की नाही. त्याला शब्द सुचत नाहीये अशी अडचण नाही. शब्द समोर आहे, पण तो ओळखीचा वाटतो आणि भलताच निघतो.

‘आकार’ घ्या. सातबाऱ्यावर ‘आकार 3.25’ असं असतं. अमराठी अधिकारी मोबाइलमध्ये बघतो, उत्तर येतं ‘शेप’. मराठी मुलगाही क्षणभर अडखळतो. इथे आकार म्हणजे जमिनीची सरकारी आकारणी, रुपये-पैशांत. किंवा ‘सातबारा कोरा’. कोरा म्हणजे काही न लिहिलेला, असं कुठलाही शब्दकोश सांगेल. शेतकरी म्हणतो तेव्हा ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा उरलेला नाही, एवढंच त्याला म्हणायचं असतं. तुमच्या कोशाचा माल हा आहे, आणि तो 3,000 च्या यादीत नाही, कारण यादी करणाऱ्यांना तो ‘परिभाषा’ वाटलाच नाही.

माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे नोंद कशी बांधायची ते त्यातूनच कळेल. पहिल्या कोशात मी ‘इकरार’ला ‘अ‍ॅग्रीमेंट, कबुली’ असा अर्थ दिला होता. शब्दकोशाच्या दृष्टीने बिनचूक. एका शाखेत एका नव्या मुलाने सातबाऱ्यावर ‘वि. का. सोसायटी इकरार’ (विविध कार्यकारी सोसायटी, म्हणजे गावातली कर्ज देणारी सहकारी संस्था) असं वाचलं, माझी नोंद बघितली, ‘काहीतरी करार दिसतोय’ म्हणून पुढे गेला. प्रकरण वरच्या टेबलावर अडलं म्हणून बरं. त्या जमिनीवर सोसायटीचा आधीच भार होता. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 48 प्रमाणे सभासद असं जाहीर करून देतो की या कर्जासाठी ही जमीन बांधलेली आहे, आणि तो इकरार सातबाऱ्यावर चढतो. नंतर मी ती नोंद अशी केली:

इकरार (पु.)
कुठे दिसतो: सातबारा, ‘इतर हक्क’. शेजारी सोसायटीचं नाव, रक्कम, फेरफार क्रमांक.
म्हणजे काय: सहकारी संस्थेच्या सभासदाने कर्जासाठी आपल्या जमिनीवर संस्थेचा भार मान्य केल्याचं जाहीरपत्र.
इंग्रजीत: चार्ज बाय डिक्लरेशन. नुसतं अ‍ॅग्रीमेंट लिहू नये.
कसा बोलला जातो: इकरार करून देणे, इकरार चढणे, इकरार कमी करणे.
पुढे काय बघायचं: संस्थेचा बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) आहे का; इकरार कमी केल्याचा फेरफार मंजूर झाला आहे का. नुसत्या दाखल्यावर थांबू नये.
गल्लत: इसारपत्राशी. इसार, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन केलेला तो विक्रीचा करार, त्याचा याच्याशी संबंध नाही.

यात व्याख्या एक ओळ आहे. बाकी सगळं अधिकाऱ्याच्या टेबलावरचं आहे. ‘पुढे काय बघायचं’ हा रकाना कुठल्याही नामवंत कोशात सापडणार नाही, आणि माझ्या अनुभवात लोक कोश उघडतात ते याच रकान्यासाठी. बँकेच्या माणसाला शब्दाचा अर्थ कळला की त्याचं काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

म्हणून पहिला आठवडा शब्द गोळा करू नका. तीन माणसं शोधा: एक कर्ज अधिकारी, एक पॅनेलवरचा वकील जो इंग्रजीत सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीच्या तपासणीचा अहवाल) लिहितो, आणि शक्य असेल तर एक अमराठी अधिकारी ज्याची बदली नुकतीच महाराष्ट्रात झाली आहे. त्यांच्याजवळ बसा आणि ते कागद वाचतात तेव्हा कुठे थांबतात ते वहीत लिहा. कर्ज अधिकाऱ्याला वाचायचं असतं. वकिलाला वाचून इंग्रजीत लिहायचं असतं, म्हणजे त्याला पक्का प्रतिशब्द हवा असतो, दर वेळी तोच. अमराठी माणसाला शब्दाआधी कागदाचीच ओळख हवी असते, कोणता रकाना कशासाठी आहे ही. एकाच नोंदीत तिघांची सोय होते, पण तिघं वेगवेगळ्या ओळीवर डोळा टाकतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की नोंदीतला कुठला भाग वर आणि कुठला खाली हा वाद उरत नाही.

मग तज्ज्ञ. तज्ज्ञ म्हटल्यावर प्राध्यापक किंवा मोठे वकील आठवतात. ते लागतील, पण नंतर. आधी एक निवृत्त तलाठी गाठा. आणि त्यांना “अमुक शब्दाची व्याख्या सांगा” असं चुकूनही विचारू नका. व्याख्या विचारली की माणूस शाळेत उत्तर दिल्यासारखा पुस्तकी बोलायला लागतो. मी एका भाऊसाहेबांकडे, म्हणजे अशाच एका निवृत्त तलाठ्याकडे, असेच प्रश्न घेऊन गेले होते, तासभर काही निघालं नाही. शेवटी कंटाळून मी पिशवीतला एक जुना हस्तलिखित सातबारा पुढे केला आणि म्हटलं, हा मला वाचून दाखवा. भाऊसाहेबांनी चष्मा चढवला, बोट ठेवलं आणि सुरू झाले. “हा मूळ खातेदार. ह्याला कंस झालाय. म्हणजे गेला. वारले असतील, वारस लागलेत खाली. ही दोन नावं चालू. हिच्यापुढे अ.पा.क. आहे, म्हणजे पोरगं लहान होतं, आई पालक. आता ते पोरगं चाळिशीचं असेल, पण अ.पा.क. कुणी काढलं नाही.”

एवढ्या बोलण्यात मला तीन नोंदी मिळाल्या. ‘कंस होणे’ म्हणजे नाव कमी होणे: जुन्या सातबाऱ्यावर नाव खोडत नसत, त्याला कंस करत. व्याकरणातला कंस सगळ्यांना माहीत, हा कंस कुठल्या कोशात नव्हता. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे, वयाने लहान. आणि ‘पुढे काय बघायचं’चा मजकूर तर भाऊसाहेबांनीच तयार करून दिला: तो अज्ञान आज सज्ञान झाला असेल तर सही त्याची लागेल, आईची नव्हे. त्यांना मी ‘अज्ञान पालन कर्त्याची संकल्पना’ विचारली असती तर चहा पिऊन परत आले असते.

संक्षेपांचं वेगळं पान करा. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मराठी, मराठी आणि मधेच इंग्रजी, पण आहे हे असं आहे. त्याला शुद्ध करायला जाऊ नका. ते नाव कुटुंबाच्या वतीने लागलेलं आहे, एकट्याची मालकी दाखवत नाही, एवढं अधिकाऱ्याला कळलं की पुरे.

आता जरा शास्त्राचं. परिभाषेच्या अभ्यासाचा पाया घालणारा यूजेन व्युस्टर हा ऑस्ट्रियातला अभियंता होता, करवतीची पाती करणाऱ्या कारखान्यातला माणूस. त्याचं सांगणं असं की नोंद शब्दाची करू नये, संकल्पनेची करावी. आयएसओ 704 हे मानकही त्याच वाटेने जातं. एरवी हे वाचून झोप येते, पण ‘आणेवारी’वर येऊन आदळलात की पटतं. सातबाऱ्यावर नावापुढे आणेवारी असते: सोळा आणे म्हणजे पूर्ण हिस्सा, चार आणे म्हणजे चौथा. दुष्काळाच्या बातमीत आणेवारी असते: गावात पीक किती आलं त्याचा अंदाज, आता तिला पैसेवारी म्हणतात, आणि ती 50 पैशांच्या खाली गेली की टंचाईची चर्चा सुरू होते. शब्द एक, नोंदी दोन, मधे ठळक रेघ. एकीचा इंग्रजी प्रतिशब्द हिश्शाकडे जातो, दुसरीचा पिकाच्या अंदाजाकडे. एका नोंदीत ‘1, 2’ करून दोन्ही कोंबलं तर घाईतला माणूस पहिलाच अर्थ उचलतो.

उलटही होतं, संकल्पना एक आणि नावं तीन. अकृषिक, बिनशेती, एनए. शासकीय आदेशात अकृषिक, वर्तमानपत्रात बिनशेती, आणि बँकेत, बाजारात, खुद्द तहसील कचेरीच्या जिन्यावर सगळे ‘एनए’च म्हणतात. मजकूर एका ठिकाणी, बाकी शब्दांपुढे ‘पहा’. मुख्य शब्द कुठला करायचा? इथे लोकांची भांडणं होतात. माझा नियम साधा आहे: कागदावर जो छापलेला असतो तो मुख्य. बोलण्यातला शब्द कमी प्रतीचा म्हणून नव्हे, अधिकाऱ्याच्या समोर कागद आहे म्हणून. पण बोलीतला शब्द शोधला तर सापडलाच पाहिजे. ‘एनए’ टाकून काही न मिळालेला माणूस तुमचा कोश दुसऱ्यांदा उघडणार नाही.

मालक, खातेदार, भोगवटादार, कब्जेदार, वहिवाटदार, कूळ. हा गट एका बैठकीत करा, एकेक सुटा करू नका. जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्ये भोगवटादाराची व्याख्या आहे आणि तिच्यात कूळ येत नाही, सरकारी पट्टेदारही येत नाही. नुसत्या शब्दावरून कुणाला वाटेल की जो जमिनीचा भोग घेतो तो भोगवटादार, मग कूळही त्यातच. म्हणजे नोंदीत ‘कोण नाही’ हेही लिहावं लागतं. शिवाय भोगवटादार वर्ग-1 आणि वर्ग-2 यांच्या स्वतंत्र नोंदी हव्यात, कारण वर्ग-2 दिसला की हस्तांतरणावर बंधन आहे आणि परवानगीचा प्रश्न येतो. बँकेच्या दृष्टीने अख्ख्या कोशातल्या महागड्या नोंदींपैकी ही एक. आणि तुमचा अधिकारी गृहकर्जातून शेतीकर्जात आला असेल तर त्याच्या डोक्यात ‘भोगवटा’ म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारतीची ओसी. ती तिसरी नोंद. कूळ म्हणजे इंग्रजीत टेनंट, पण भाडेकरू नव्हे हेही लिहा. कूळ हटत नाही, उलट कायद्याने मालक होतो: 1948 च्या कूळकायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या तारखेपासून कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असं कायदा मानतो. ती तारीख जुन्या फेरफारांत सारखी भेटेल.

फेरफाराच्या नोंदीला वेळ द्या. इंग्रजीत म्यूटेशन, हे सगळे जाणतात. एकदा एका यंत्राने भाषांतर केलेल्या कागदात मला ‘उत्परिवर्तन नोंद क्रमांक’ भेटली होती. जीवशास्त्राच्या कोशात म्यूटेशनला उत्परिवर्तनच म्हणतात, यंत्राची तशी चूक नाही. हसून झाल्यावर मी प्रत्येक नोंदीला ‘क्षेत्र’ हा रकाना जोडला. पण फेरफाराची खरी अडचण प्रतिशब्दात नाहीच. फेरफार ही एक घटना नसून वाट आहे: नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत असते, हरकत आली तर प्रकरण गाव नमुना 6-अ, म्हणजे तक्रार नोंदवहीत जातं, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबाऱ्यावर नुसता ‘प्रलंबित फेरफार’ दिसला तर आपण वाटेत कुठे उभे आहोत हे अधिकाऱ्याला कळायला हवं. अशा नोंदीला व्याख्या पुरत नाही, एक लहानशी आकृती काढा. आणि हेही लिहा की फेरफार झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, बस एवढंच. न्यायालयांनी हे इतक्यांदा सांगितलंय की वकिलाला त्यात नवं काही वाटणार नाही, पण बँकेत नव्या आलेल्याला वाटतं.

व्याख्या कुठून घेऊ, हा तुमचा दुसरा प्रश्न. जिथे कायद्यात व्याख्या आहे तिथे ती मुळाबरहुकूम, कलमासकट, आणि तिच्याखाली साध्या मराठीत तुमची एक ओळ. दोन्ही हव्यात. कायद्याची व्याख्या सोपी करून एकच ठेवलीत तर वकील विश्वास ठेवणार नाही, सोपी केलीच नाहीत तर बाकीचे वाचणार नाहीत. जिथे कायद्यात व्याख्या नाही, आणि ‘कंस’, ‘कोरा’, ‘नाव लावणे’ यांची नाहीच, तिथे दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या महसुली माणसांकडून ताडून घ्या. दोघांचं पटलं नाही तर ती चूक समजू नका. बहुतेकदा तो प्रदेशाचा फरक असतो.

प्रदेशाचं प्रकरण तर मी सगळ्यांत कमी लेखलं होतं. मी पुणे-साताऱ्याची, मला वाटायचं सातबारा सगळीकडे सारखाच. नमुना सारखा आहे, भाषा नाही. कोकणात वरकस आणि खार जमीन; खोती 1949 च्या कायद्याने गेली तरी जुन्या कागदांत जागोजागी. मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनचं खासरा पत्रक, सेतवार, मुन्तखब, आणि कुळांसाठी 1950 चा हैदराबादचा वेगळा कायदा. विदर्भात मालगुजारी, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, आणि 1958 चा स्वतंत्र कूळकायदा. पश्चिम महाराष्ट्रातला 1948 चा. म्हणजे ‘कूळकायदा’ हा एक शब्द तीन कायद्यांकडे बोट दाखवतो आणि कलमांचे आकडे एकाचे दुसऱ्याला लागू पडत नाहीत. सांगलीत शिकलेला अधिकारी हिंगोलीत जाऊन 1948 च्या कायद्यातलं ‘32-ग’ कलम शोधत बसतो तो असा. तुमच्या बँकेच्या शाखा गोव्यातही असतील तर तिथे सातबारा नाहीच, एक-चौदाचा उतारा आहे, आणि मुंडकार, कोमुनिदाद हे शब्द वेगळ्याच इतिहासातून आलेले. ते यात कोंबू नका, वेगळा भाग करा. प्रत्येक नोंदीला प्रदेशाची खूण मात्र पहिल्या दिवसापासून लावा. मी ती 200 नोंदी झाल्यावर लावायला घेतली आणि दोन महिने गेले.

मोजमापांचं एक पान वेगळं. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर. आर म्हणजे 100 चौरस मीटर, 100 आरचा हेक्टर. गुंठा 101.17 चौरस मीटरचा, म्हणजे आरच्या इतका जवळ की बोलताना लोक दोन्ही एकच धरतात, “चाळीस आर म्हणजे एकर”. एकराला खरं तर 40.47 आर लागतात. एका एकरात जेमतेम अर्ध्या गुंठ्याचा फरक, शेतात कुणी भांडत नाही. दहा एकरांत तो पावणेपाच गुंठ्यांचा होतो, आणि गावठाणालगतच्या जमिनीत पावणेपाच गुंठ्यांना काय भाव असतो ते मी सांगायला नको. पोटखराबाही, म्हणजे क्षेत्रातला लागवडीला न येणारा भाग, याच पानावरून जोडा. वर्ग-अ म्हणजे खडकाळ, नाल्याखालची वगैरे, लागवडीला अयोग्य ठरवलेली. 2018 च्या दुरुस्तीनंतर ती लागवडीखाली आणून आकारणीला घेता येते. वर्ग-ब सार्वजनिक कामासाठी राखलेली, रस्ता, पाणवठा, स्मशान. अधिकारी एकूण क्षेत्र बघतो आणि पोटखराबा वजा करायचा विसरतो, ही मी पाहिलेली नेहमीची चूक.

मजकूर गोळा करण्याचं यंत्रकाम थोडक्यात सांगते, कारण ते शिकता येतं. दीड-दोनशे कागद पुरतात, पण जिल्हे आणि दशकं मिसळलेली हवीत, आणि नावं-गट क्रमांक झाकून घ्या, लोकांच्या जमिनी आहेत. टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसेल, जुन्या फाँटमध्ये असेल, तर आधी तो बदलून घ्या. मग अँटकाँकसारखं फुकट साधन शब्द आणि त्याचे शेजारी दाखवतं. मराठीची खोड अशी की शब्द सामान्यरूपात लपतो: ‘खाते’ शोधलंत तर ‘खात्यावर’ सापडत नाही, ‘बोजा’ शोधलात तर ‘बोज्याची’ निसटतो. उलट ‘कुळ’ एवढंच टाकलंत की कुळकर्णी आणि कुळीथ दोघेही हजर. त्यामुळे प्रत्येक शब्दाची दोन-तीन रूपं टाकून शोधा, आणि तीच रूपं कोशाच्या शोधखिडकीलाही शिकवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही शिकवा, कागदावर ‘कुळ’ आणि ‘कूळ’ दोन्ही असतात, तलाठ्याकडच्या गावांचा गट कुठे ‘साझा’ असतो, कुठे ‘सजा’. शोधणाऱ्याचं शुद्धलेखन तपासणं हे कोशाचं काम नाही.

क्रियापदं विसरू नका, कारण नामांच्या यादीत ती गळतात. नाव लागतं, नाव कमी होतं, बोजा चढतो, बोजा उतरतो, हक्क सोडतात, हिस्सा फोडतात, जमीन पोटहिश्श्यात जाते. वकिलाला इंग्रजीत लिहिताना याच जोड्या छळतात.

छापील प्रत करणार असाल तर वर्णानुक्रमावर जीव आटवू नका. संगणक ‘ळ’ला ‘ल’च्या मागोमाग बसवतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, क्ष-ज्ञ ‘क’ आणि ‘ज’मध्ये शिरतात, आणि हे नीट करायला एक आठवडा जातो. अमराठी माणसाला तो अनुक्रम पाठही नसतो. मी सातबाऱ्याचाच नमुना पानभर छापते, प्रत्येक रकान्याला आकडा देते आणि नोंदी त्या आकड्यांनुसार लावते. हात कागदावर, बोट रकान्यावर, आकडा कोशात. शेवटी अकारविल्हे सूची असतेच.

शुद्ध मराठीचा आग्रह कुणी धरला तर, आणि बैठकीत कुणीतरी धरतोच, त्याला राज्यव्यवहारकोशाची आठवण द्या. शिवकाळात रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश झाला, काम मोठं होतं आणि हेतूही. अमात्य, सचिव रुळले. पण जमिनीच्या कागदावर आज, साडेतीनशे वर्षांनी, काय आहे? जमीन, महसूल, तहसील, हक्क, कब्जा, इनाम, इकरार. नवे शब्द घडवणं हे राजाचं काम असू शकतं. तुम्हाला बँकेने नेमलंय, आहेत ते शब्द टिपा.

तुमचा पहिला प्रश्न आकड्याचा होता. चार महिन्यांत, एकटीने, नीट केलेल्या नोंदी 350 ते 400 होतात. तेवढ्या पुरतात. साठेक नोंदी झाल्या की थांबा आणि तपासा: त्याच तीन माणसांना तुम्ही न पाहिलेले पाच कागद द्या, हातात कोश द्या, आणि गप्प बसून बघा. जे शोधलं पण मिळालं नाही त्याची यादी हीच पुढच्या महिन्याची कामाची यादी. तुमची 3,000 शब्दांची फाइल तेव्हा उघडा, वकिलासाठीच्या इंग्रजी प्रतिशब्दांशी मेळ घालायला. तिथे ती सोन्यासारखी आहे.

आणि प्रत्येक नोंदीवर तारीख टाका. 2020 मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात बदल झाले. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. ‘पीक पाहणी’ हा शब्द तोच राहिला, पण पूर्वी तलाठी करायचा ते शेतकरी स्वतः मोबाइलवरून करायला लागला, म्हणजे शब्दाखालची क्रियाच बदलली. 2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं. माझ्या कोशात ‘तलाठी’ अजून आहे आणि राहील, कारण कागद तीस-चाळीस वर्षांचे येतात आणि त्यांवर शिक्का तलाठ्याचाच असतो. जुनी नोंद काढू नका, तिच्यावर ‘अमुक सालापर्यंत’ लिहा.

हे सगळं पुढे कोण करणार, ते मात्र कामाच्या पत्रातच लिहून घ्या. दर सहा महिन्यांनी दोन दिवस, वेगळं मानधन, आणि शाखांकडून ‘सापडलं नाही’ची यादी मागवायची जबाबदारी बँकेतल्या एका पदाची, माणसाच्या नावाने नको. माझ्या पहिल्या कोशाच्या वेळी ते एका उत्साही साहेबांच्या नावावर होतं. त्यांची बदली झाली आणि तो कोश तिथेच थांबला.